थोरल्याच्या वाटच्या दशम्या

ती घटना मी आजही मुद्दाम आठवतो. पोलीस खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढली की बऱ्याच गोष्टी विसरलेल्याच बऱ्या असतात. ही मात्र चार माणसं जमली की मी आपणहून काढतो, आणि आमची सौभाग्यवती "झालं, आता तासाची निश्चिंती" म्हणत आत निघून जाते. जाऊ दे बापडी. फुशारकी म्हणा हवं तर, पण या तपासाचा मला अभिमान आहे. नावं मात्र मी कुणाचीच सांगणार नाही.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना चालू होता. दिवेलागणीला दवाखान्यातून फोन आला की रहिमतपूर रस्त्यावर अपघातात जखमी झालेली एक बाई टेम्पोवाल्याने आणली आहे. बाई अंगणवाडीत मदतनीस होती, पायी घरी चालली होती. डोक्याला मार, खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्ध नाही. टेम्पोवाला सांगली जिल्ह्यातला, मिरजेकडचा. पुण्याला बेदाणा पोचवून रिकामा परत निघालेला. मी गेलो तेव्हा दवाखान्याच्या फाटकात बाईचा नवरा त्याच्या कानशिलात लगावत होता आणि हा पठ्ठ्या हात खाली सोडून उभा होता.

"सायेब, पांढरी गाडी व्हती," तो म्हणाला. "उडवून भुर्रकन गेली. मी मागनं येत व्हतो. मीच तर उचललं तिला!"

आता खरं सांगतो, माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. टेम्पोत रक्त होतं. पुढचा बंपर दबलेला होता, आणि तो म्हणे मार्केट यार्डात आधीच दबला होता. त्याला रस्त्यात टेम्पो आडवा लावून उभा असलेला पाहणारे दोघे गावकरी होते, पांढरी गाडी पाहणारं कुणीच नव्हतं. पळून न गेलेला प्रत्येक वाहनचालक पांढऱ्या किंवा लाल गाडीची गोष्ट सांगतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. पंचनाम्यात दिव्याच्या काचेचा तळहाताएवढा तुकडा सापडला. टेम्पोचाही दिवा तडकलेला होताच, तेव्हा तुकडा त्याचाच, असं आम्ही धरून चाललो. गुन्हा दाखल केला, टेम्पो आवारात लावला. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी सुटला. मला वाटलं, संपलं प्रकरण.

पण हा गडी रोज ठाण्यात यायचा. बायकोला घेऊन साताऱ्यात कुणा नातेवाइकाकडे राहिला होता. सकाळची हजेरी उरकून मी खुर्चीत बसलो की दारात उभा. मी वैतागून विचारलं, "टेम्पो कोर्टातून सुटेल, इथे रोज कशाला चकरा मारतोस?"

"टेम्पोचं न्हाई वं सायेब. दवाखान्यात मला आत सोडत न्हाईत. बाईला शुद्ध आली का, एवढंच इचारायचं व्हतं."

चार दिवस, पाच दिवस, रोज हाच प्रश्न. टेम्पोचा एक शब्द नाही. इतक्या वर्षांत मी पुष्कळ अपघात हाताळले, पण ज्याने धडक दिली तो आधी गाडीचं विचारतो, मग विम्याचं, मग जखमी माणसाचं. हा उलटा चालला होता. पाचव्या दिवशी त्याची बायको पुढे होऊन म्हणाली, "गावाकडं तोंड दावायची सोय ऱ्हायली न्हाई आमची. भाडं द्यायला कुणी तयार न्हाई. म्हणत्यात, बाई चिरडली आन् वर उचलल्याचं नाटक केलं." हा माणूस खरं बोलत असेल, तर पुण्य केल्याबद्दल आम्ही त्याला आयुष्यातून उठवत होतो. शिवाय त्या रस्त्यावर पुढे कुणी पडलेल्याला हात लावला नसता.

दुपारी मुद्देमालातला तो काचेचा तुकडा काढला आणि हवालदारांना घेऊन टेम्पोच्या दिव्याला लावून पाहिला. बसेना. कसाही फिरवला तरी बसेना. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. केलं नाही, ही माझी चूक, आणि ती मी स्टेशन डायरीत स्वतःच्या हाताने लिहिली.

मग सातारा ते सांगलीपर्यंतच्या गॅरेजवाल्यांमधली आमची माणसं कामाला लावली. दोनेक आठवड्यांनी सांगलीहून खबर आली. एक पांढरी मोटार डावा दिवा आणि बॉनेट बदलायला आली आहे, मालक साताऱ्याचा आहे आणि घाईला आलाय. साताऱ्यात गॅरेजं थोडी आहेत का, की माणूस दिवा बदलून घ्यायला सांगली गाठतो? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मालक म्हणजे साताऱ्यातल्या एका खात्यापित्या घरचा थोरला मुलगा, दुकानदार. अतिशय नम्र. "साहेब, अपघाताच्या दिवशी आम्ही सगळे दिल्लीला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीची सहल. गाडी शेतघरावर झाकून ठेवली होती. परत आल्यावर फाटकाच्या खांबाला घासली. सांगलीत मेहुण्याची ओळख, म्हणून तिकडे टाकली." त्याने साताऱ्याहून सुटणाऱ्या रेल्वेची तिकिटं दाखवली, सहा माणसांची. मोबाईलचा सीडीआर, म्हणजे कॉलची आणि ठिकाणांची नोंद, मागवला तर फोन दिल्ली, आग्रा, जयपूर असा व्यवस्थित फिरून आलेला. सहलीच्या फोटोंत मात्र तो कुठेच नव्हता. विचारलं तर हसून म्हणाला, "फोटो काढणारा फोटोत कसा येणार?" मला पटलं. आमच्या घरच्या एकाही सहलीच्या फोटोत मी नाही. आमचा तरुण फौजदार म्हणाला, "सर, सीडीआर क्लिअर आहे. सोडून द्यावा." जवळजवळ सोडलाच होता.

जाता जाता एकदा घरी जाऊन येऊ, म्हणून रविवारी सकाळी साध्या कपड्यांत गेलो. म्हटलं, आम्हालाही बायकोला घेऊन दिल्ली बघायची आहे, जरा माहिती द्या. चहा आला. थोरला आणि त्याची बायको, धाकटा आणि त्याची बायको, त्यांची छोटी मुलगी आणि तिची आजी, म्हणजे थोरल्याची आई, सगळे बाहेरच्या खोलीत बसले. आणि अहो, काय ती जुगलबंदी! धाकटा म्हणतो कुतुबमिनार पहिल्या दिवशी पाहिला, त्याची बायको म्हणते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तुम्ही हॉटेलात घोरत पडला होता. मुलीला खिडकी मिळाली नाही म्हणून ती खंडव्यापर्यंत रडली. ताजमहालात उन्हाने फरशी अशी तापली होती की सगळे नाचतच आत गेले. जयपूरला उंटावर बसायचा हट्ट कुणी धरला यावर दोन्ही जावांची तर खडाजंगीच झाली. प्रवासाला गेलेलं घर परत आलं की असंच बोलतं. तिथे मी निर्धास्त झालो होतो.

पण मग लक्षात आलं. थोरल्याचं नाव निघालं की सगळे एका सुरात. "दादा होते की." "दादा फोटो काढत होते." पुन्हा विचारा, पुन्हा तेच, शब्दाला शब्द. घरातल्या पाचही जणांची एकमेकांविरुद्ध तक्रार होती, थोरल्याविरुद्ध कुणाचीच नाही. आठ दिवसांची सहल आणि कर्त्या माणसावर कुणी करवादलं नाही? आमच्या घरी माझी तक्रार गाडी फलाट सोडायच्या आत सुरू होते.

मी आजींकडे वळलो. वाईजवळच्या एका खेड्यातलं त्यांचं माहेर. बोलणं अजून तिकडचंच.

"आजी, गाडीत खायचं काय केलंत? डब्यातलं विकत घेतलं का?"

"आवं न्हाई बाबा! गाडीतलं कोण खातंय? माणशी आठ दशम्या केल्यावत्या दुधातल्या. संगं शेंगदाण्याची चटणी."

"माणशी आठ? एवढ्या संपतात?"

"बाकीच्यांच्या संपल्या की. थोरल्याच्या वाटच्या तेवढ्या ऱ्हायल्या. त्याला लय आवडत्यात म्हून दोन जादाच लाटल्यावत्या. आता येईल, मग येईल, म्हून दिल्लीतबी ठिवल्या. शेवटी वास याया लागला, तवा लाल किल्ल्याच्या बाजूला एक गाय दिसली, तिला घातल्या. अन्न टाकवत न्हाई बघा मला."

थोरल्या सुनेने लगबगीने आजींपुढे चहा सरकवला. खोटं पाठ करून घेताना त्यांनी तिकिटांचा विचार केला, फोनचा केला, फोटोंचा केला. दशम्यांचा विचार कुणाच्या बापाच्या मनात आला नव्हता! आजींना तर दुकानाच्या कामाची काहीतरी भानगड आहे, म्हणून "थोरला बरोबर होता" म्हणायचं, एवढंच सांगितलेलं होतं. ते त्यांनी इमानाने म्हटलं. दशम्यांबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी चहा संपवला, छान झाला होता म्हणालो आणि निघालो. दुसऱ्या दिवशी थोरल्याला ठाण्यात बोलावलं. त्याच वेळी, बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी घ्यायचा नियम आहे म्हणून, महिला हवालदार त्याच्या बायकोकडे गेल्या. दोघांना एकच प्रश्न. आजींनी खपून केलेल्या दशम्या खाल्ल्या का नाहीत? हा म्हणाला, पोट बिघडलं होतं. तिकडे ती म्हणाली, त्यांचा उपास होता. मी त्याच्यासमोर फोन स्पीकरवर टाकला आणि हवालदार बाईंना बायकोचं उत्तर वाचायला सांगितलं. त्याने रुमाल काढला, पण कबूल झाला नाही.

एवढ्यावर कोर्टात उभं राहता येत नाही. म्हणून रेल्वेला पत्र धाडलं की त्या दिवशी त्या डब्यातल्या त्या बर्थवर कोण होतं. आठ दिवसांनी उत्तर आलं. प्रवासी गैरहजर, तिकीट तपासनिसाने बर्थ पुण्याहून चढलेल्या दुसऱ्या प्रवाशाला दिलेला. गॅरेजच्या भंगारातून जुना दिवा हस्तगत केला. आमच्याकडचा काचेचा तुकडा त्याला असा बसला, जणू तिथून उठून गेलाच नव्हता. पंचांसमोर मी तो दोनदा बसवून पाहिला. हो, मला आनंद झाला होता, का लपवू?

मग मात्र थोरला बोलला. आयत्या वेळी मालाचा ट्रक आला म्हणून तो थांबला होता, दोन दिवसांनी विमानाने जाणार होता. तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग त्याच्या फोनमध्ये, म्हणून फोन बायकोकडे दिला. दुसऱ्या दिवशी ढाब्यावर मित्रांबरोबर बसला आणि परतताना बाईला उडवलं. त्यानंतर घरचे येईपर्यंत शेतघरात दडून होता.

"थांबला का नाहीस?"

"आरशात बघितलं साहेब. मागचा टेम्पो थांबला. म्हटलं, तो बघेल तिच्याकडे."

"आणि त्या टेम्पोवाल्यालाच धरल्याचं पेपरात वाचलंस तेव्हा?"

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण तो गोटा आधी दुसऱ्याच माणसाच्या कपाळी बसला होता, आणि तो मारायला हात आमचा होता. मला इतका संताप आला की मी उठून व्हरांड्यात गेलो. पोलिसाने रागात प्रश्न विचारू नयेत.

थोरल्यावर आरोपपत्र गेलं. त्या दिवशी आजी मला कोर्टाच्या जिन्यात भेटल्या. त्यांना सगळं कळलं होतं. "मी बोलले ते बरं झालं का वाईट झालं, तुमीच सांगा," म्हणाल्या. मग विचारलं, "ती बाई वाचली न्हवं?" वाचली होती. शुद्धीवर आली होती, हाडही सांधत होतं. "मग बरं झालं," म्हणाल्या आणि कठडा धरून वर गेल्या.

टेम्पोवाल्याचं नाव गुन्ह्यातून वगळल्याचा अहवाल कोर्टात गेला, त्या दिवशी मी त्याला आणि बायकोला बोलावलं. सगळा स्टाफ हजर ठेवला. बाईच्या नवऱ्यालाही आणवलं. तो आला आणि टेम्पोवाल्याच्या पाया पडायला वाकला, तर याने त्याला मध्येच धरलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आमची चूक झाली. मी माफी मागतो." आमच्या खात्यात हे वाक्य फारसं वापरात नाही. फौजदार छताकडे बघत होता.

टेम्पोवाला अवघडला. चावी घेतली आणि जाईना. म्हणाला, "सायेब, तोंडानं म्हणालासा, लय झालं. पन गावात म्हणत्यात, पैसं चारून सुटला. तेवढं कागदावर लिवून देतासा का?"

असा कागद द्यायचा आमच्याकडे नमुना नाही. ठाणे अंमलदारांनी विचारलं, कोणत्या सदराखाली देणार? मी म्हटलं, माझ्या सहीखाली. कोरा कागद घेतला आणि लिहिलं की अमुक तारखेला रहिमतपूर रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीने जखमी झालेल्या बाईला या इसमाने एकट्याने उचलून वेळेत दवाखान्यात पोचवलं, तिचा जीव त्याच्यामुळे वाचला, त्याचा अपघाताशी काही संबंध नाही, त्याच्यावर संशय घेणं ही पोलिसांची चूक होती. खाली सही केली, ठाण्याचा गोल शिक्का मारला.

सीडीआर, रेल्वेचं उत्तर, पंचनामे हवेतच, त्यांच्याशिवाय मी आरोपीला कोर्टात उभा करू शकलो नसतो. पण खरं-खोटं कुठे शोधायचं हे मला एका रोजच्या प्रश्नाने आणि आठ-दहा दशम्यांनी दाखवलं. माणूस कशाची विचारपूस करतो आणि कशाची हळहळ करतो, हे ऐकायला शिकलो ते तिथे. नंतरच्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी तेच शिकवलं.

मला वाटलं, तो कागद घडी करून खिशात टाकेल. तसं केलं नाही. आवारात टेम्पोपाशी गेला, बायकोला समोर उभं केलं आणि मोठ्याने वाचायला लागला. अडखळत, शाळेतल्यासारखं बोट ठेवून. शेवटची ओळ वाचून थांबला. बायको म्हणाली, "परत वाचा की." त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचला.