पुसलेला गाल

नवऱ्या मुली नटवता नटवता पार्लरवालीची कंबर कामातून गेली होती, त्यात कोर्टाच्या तारखा. शेजारच्या बंगल्यातल्या कुत्र्याने तिच्या लेकीचा गाल फोडला तेव्हा लेक पहिलीत होती. आता ती चौथीत गेली, तरी दावा आपला तिथेच. कुत्र्याच्या मालकांचं एकच पालुपद: असं लागलंय तरी केवढंसं? भरपाई मिळाली तर गालाचं ऑपरेशन होणार होतं. आईचा सगळा जीव त्यात अडकलेला.

शाळेत पोरं ‘कुरतडलेली’ म्हणून चिडवायची. म्हणून रोज वेणी घालून झाली की आई बोटावर फाउंडेशन घेऊन तो व्रण बुजवायची, वरून हलकी पावडर फिरवायची. हात असा बसलेला की कुणाला पत्ता लागू नये. लेकही डोळे मिटून, मान तिरकी करून निमूट उभी राहायची. दात घासण्यासारखंच झालं होतं ते.

त्या दिवशी न्यायाधीश मुलीला स्वतः बघणार होते. लेक पुढे उभी राहिली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“जखम कुठंय?”

“आम्ही तरी वेगळं काय म्हणतोय, साहेब?” समोरचा वकील गालातल्या गालात हसला.

आईच्या वकीलबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी वेणी घातली आणि हात आपसूक डबीकडे गेला. इतक्या वर्षांचं मुसळ केरात, तेही स्वतःच्या हाताने.

“साहेब, मेकअप आहे. मी पार्लरमध्ये असते. सवयीने लावला गेला. पुसते.”

तिने रुमाल ओला केला. लेक मागे सरली.

“आई, इथे नको ना. सगळे बघतायत.”

“बघू देत, बाळा. त्याच्यासाठीच आलोय.”

लेकीने मान तिरकी केली नाही, तेव्हा आईने तिची हनुवटी धरली आणि घासलं. रंग चांगला होता, लवकर निघेना. डोळ्याखालून ओठापर्यंत ओढलेला व्रण हळूहळू उघडा पडला. आईला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“बाळ, अजून दुखतं का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही दुखत.”

“हे लिहून घ्यावं, साहेब,” समोरचा वकील लगेच म्हणाला. टायपिस्टची बोटं चालू झाली.

लेकीचं बोलणं संपलं नव्हतं. “आई लपवायची तेव्हा नाही दुखायचं,” ती म्हणाली. “आत्ता पुसलं ना, तेव्हा दुखलं.”

टायपिस्ट थांबली आणि वर बघायला लागली.

“पूर्ण लिहा,” न्यायाधीश म्हणाले.

आईने बरबटलेला रुमाल मुठीत धरला. लेक तिच्याकडे बघत नव्हती.