भांडणाचा तास बाईंचा होता

आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत शनिवारी 'भांडणाचा तास' घेतात. नव्या भाषाशिक्षकांना तो प्रशिक्षणात शिकवतात आणि हा तास कुणी सुरू केला असं कुणी विचारलं, तर आतापर्यंत माझं नाव सांगत. येरमाळ्याजवळच्या एका गावात मी मुख्याध्यापक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, केस पिकले, रस्त्यात भेटलेली माणसं वाकून नमस्कार करतात. तो तास मी सुरू केलेला नाही. मी तर तो बंद करायला निघालो होतो. तो आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाईंचा होता. हे एवढंसं बोलायला मला फार उशीर झाला. गेल्या वर्षी बोललो. त्यानंतर जे झालं ते माझ्या बोलण्यापेक्षा पुष्कळ चांगलं झालं, म्हणून लिहून ठेवतो.

बाई बेंबळीकडून बदलून आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांची नोकरी नवीनच होती. सातवीला मराठी आणि इंग्रजी त्यांच्याकडे दिलं. आमची मुलं वर्गात उभी केली की खाली बघायची, पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरायची. घरी वातावरण नाही, असं मी प्रत्येक अहवालात लिहीत असे, आणि ते मला पटलेलंही होतं.

बाईंना पटलं नाही. दुपारच्या खिचडीनंतर मुलं ताटं धुवायला नळावर जात. तिथं त्या रोज जाऊन उभ्या राहायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "सर, ही पोरं मुकी न्हाईत. नळावर भांडताना ऐका एकदा. एक शब्द वाया जात न्हाई."

"मग काय, भांडायला शिकवणार?"

"ते येतंय त्यांना. मी मराठी शिकवणार."

त्या शनिवारपासून त्यांनी तास सुरू केला. भांडण खरं पाहिजे, घरातलं नाहीतर गल्लीतलं, आणि ते वर्गातल्याच दोघांचं. शिवी द्यायची नाही. समोरचा जे बोलला ते आधी आपल्या शब्दांत सांगायचं आणि मगच उत्तर द्यायचं. पहिला फेरा घरच्या बोलीत, दुसरा पुस्तकातल्या मराठीत आणि तिसरा जमेल तेवढ्या इंग्रजीत. मध्येच बाई पेल्यावर चमचा वाजवायच्या. तो वाजला की बाजू बदलायची. मघापासून ज्याच्याशी तावातावानं भांडलो, आता त्याच्याच बाजूनं भांडायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

वर्गात एक धनगराची मुलगी होती. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिच्या वडिलांची मेंढरं एका शेतकऱ्याच्या रानात बसवली होती. खत होतं म्हणून आमच्याकडे लोक मेंढरं बोलावून रानात बसवून घेतात. रात्रीतून ती त्याच्याच शेजारच्या वावरातल्या उभ्या ज्वारीत घुसली. शेतकऱ्याचा मुलगा त्याच वर्गात होता. बाईंनी दोघांना समोरासमोर उभं केलं.

"तुझ्या मेंढरांनी आमची ज्वारी खाल्ली," मुलगा म्हणाला.

मुलगी अंगठ्यानं फरशी टोकरत राहिली. वर्ग वाट बघत राहिला. मग मुलीनं मान वर केली.

"हा म्हनतोय, आमच्या मेंढरांनी ज्वारी खाल्ली. पर बोलावनं कुनाचं होतं? तुझ्या बाचंच. लेंड्या पायजेत अन् मेंढराला तोंड नको व्हय?"

वर्ग असा हसला की कौलं हलली. तिसऱ्या फेऱ्यात तीच मुलगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "यू वॉन्ट शीप. शीप हॅज माउथ." चुकलं का, बरोबर आलं का, याचा विचार तिनं केला नाही. तिला जिंकायचं होतं.

हे मला बाईंनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त गोंधळ ऐकू आला. मी दारात जाऊन "गप्प बसा!" म्हणून ओरडलो आणि मधल्या सुट्टीत बाईंना बोलावून सांगितलं, पुढच्या शनिवारपासून हे बंद.

बंद झालं नाही, कारण पुढच्या शनिवारी तालुक्याचे अधिकारी न सांगता शाळेत आले. बाईंनी माझं ऐकलं नव्हतं. आवाज ऐकून अधिकारी थेट सातवीत गेले, मागं मी घाम पुसत. ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत. एका भांडणात त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

बाई दारात उभ्या होत्या. बोटांना खडू लागलेला. मी म्हणालो, "शाळेची, सर."

धड खरं नाही, धड खोटं नाही. 'शाळेची'चं पुढं 'मुख्याध्यापकांची' कधी झालं, हे मला नेमकं सांगता येतं, कारण प्रत्येक वेळी मी तिथं होतो. मला तालुक्याला बोलावलं, मग धाराशिवला. हार घातले, शाली दिल्या. बाई एकदाच म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी माझं नाव सांगाल का?" मी म्हणालो, "बघू." पुढं त्यांची परंड्याकडे बदली झाली. त्यांचा बदलीचा अर्ज मी पुढं पाठवला आणि मनातून हलका झालो, हे सांगायची लाज वाटते. पण ते खरं आहे.

गेल्या वर्षी धाराशिवला भाषाशिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मंचावर बसलो आणि समोर बघतो तर चौथ्या रांगेत बाई. केस पांढरे झालेले, नाकावर चष्मा, मांडीवर पिशवी. सक्तीचं प्रशिक्षण होतं. ज्यांनी तास शोधला त्यांनाच तो तास शिकायला पाठवलेलं होतं.

प्रशिक्षक तरुण मुलगा होता, मन लावून काम करणारा. पडद्यावर त्यानं तासाचं नवं नाव दाखवलं: 'सकारात्मक संवाद'. भांडण हा शब्द कुणीतरी काढून टाकला होता. मग दोन शिक्षकांना उभं करून त्यांच्या हातात छापील कागद दिले. एकानं वाचलं, "मित्रा, तुझं म्हणणं मला पटत नाही." दुसऱ्यानं वाचलं, "मित्रा, तुझ्या भावना मी समजू शकतो." सभागृहात जांभया सुरू झाल्या.

बाईंनी हात वर केला. "हे भांडण कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही मॅडम. नमुना आहे."

"मग कशाला भांडतायत दोघं?"

लोक हसले. प्रशिक्षक गोंधळला. म्हणाला, "मॅडम, ही पद्धत आपल्या प्रमुख पाहुण्यांची आहे. ते स्वतः इथं बसलेत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "व्हय का?" एवढंच म्हणाल्या.

मी उठलो. माईक हातात घेतला. मी म्हणालो, "ही पद्धत माझी नाही. ती या बाईंची आहे. मी ती बंद करायला सांगितली होती, आणि नंतर माझ्या नावावर खपू दिली."

आणि टाळ्या पडल्या. माझ्यासाठी! प्रशिक्षक गहिवरून म्हणाला, "बघा, केवढा हा सरांचा मोठेपणा! श्रेय सहकाऱ्याला देतात." आणखी टाळ्या. एक जण तर उठून उभा राहिला. मी नको नको म्हणून हात हलवत होतो आणि जितका हलवत होतो तितका मी त्यांना नम्र वाटत होतो. इतकी वर्षं राहून गेलेलं वाक्य बोललो आणि त्याचीही शाल होऊन माझ्याच अंगावर पडली.

बाई पिशवी खुर्चीवर ठेवून पुढं आल्या. पायऱ्या चढल्या. माईक न घेता बोलल्या, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं.

"हे असं न्हाई चालायचं, सर. कबूलही तुम्हीच केलं अन् मोठेही तुम्हीच झालात. तास घेऊ. भांडण खरं आहे, दोघांनाही ठाऊक आहे. उभे राहा."

मी उभाच होतो. तरी सरळ झालो.

"तुम्ही माझा तास घेतलात," बाई म्हणाल्या.

नियम आठवला. "बाई म्हणतात, मी त्यांचा तास घेतला. मी म्हणतो, घेतला नाही. लोकांनी माझ्या नावावर केला."

"सर म्हणतात, लोकांनी केला. मग लोकांना न्हाई म्हणायला तोंडाला काय फोड आला होता का?"

सभागृहात हसू फुटलं. मला राग आला, खरा राग. आणि आत दडवून ठेवलेलं बाहेर पडलं.

"बाई म्हणतात, मी गप्प बसलो. बसलो. पण माझ्या नावामुळं हा तास जिल्हाभर गेला. नव्या नोकरीतल्या एका बाईच्या नावावर कुणी घेतला असता?"

आता कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या शिक्षिका माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"सर म्हणतात, माझ्या नावाला वजन नव्हतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "नावाला वजन कशानं येतं? चार ठिकाणी घेतल्यानं. एकदा घेऊन तरी बघायचं होतं."

बाईंनी टेबलावरच्या पेल्यावर प्रशिक्षकाचा पेन वाजवला. "बाजू बदला."

त्या माझ्या खुर्चीत बसल्या, रेलल्या, खांद्यावर नसलेली शाल नीट केली आणि खाकरून म्हणाल्या, "हे बघा बाई, शाळा म्हणजे एक कुटुंब. कुटुंबात माझं-तुझं नसतं."

तो माझाच आवाज होता. तो थंडपणा, ते 'बाई'वरचं किंचित थांबणं. सभागृहात ज्यांनी असा मुख्याध्यापक पाहिला होता ते सगळे, म्हणजे सगळेच, खो खो हसले. मी आता बाई होतो. सावरून म्हणालो, "सर म्हणतात, कुटुंबात माझं-तुझं नसतं. मग हार घालायला दर वेळी तुमचीच मान कशी सापडते?"

"बाई, आवाज वाढतोय तुमचा."

"सर म्हणतात, आवाज वाढतोय. वाढणारच! नळावर जाऊन मी उभी राहिले. ती मुलगी माझ्या तासाला बोलली. तुम्ही दारात उभं राहून पोरांना 'गप्प बसा' म्हणालात. मी नाव सांगा म्हणाले, तर 'बघू' म्हणालात. काय बघत होता एवढी वर्षं?"

हे मी कुठून बोललो मला ठाऊक नाही. त्यांच्या जागी उभं राहिल्याशिवाय ते मला सुचलंच नसतं. खुर्चीतल्या मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग बाई उठल्या आणि सभागृहाकडे वळून म्हणाल्या, "मुख्याध्यापक हरले. त्यांच्याकडं उत्तर न्हाई."

त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या तशा मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. त्यातली एकही माझ्यासाठी नव्हती. शिक्षिका उभ्या राहिल्या, कुणी खुर्च्या वाजवल्या, कुणी ओरडलं, "बाई, एकदम वाघीण!" आता कुणाच्याही मनात शंका उरली नव्हती. बाईंचा तास लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. सांगून जे पटलं नव्हतं ते पटलं होतं. प्रशिक्षकानं स्वतःच पडदा बंद केला, फळ्यावर 'भांडणाचा तास' लिहिलं आणि त्याखाली बाईंचं नाव, मोठ्या अक्षरांत. मग खडू त्यांच्या हातात दिला. "मॅडम, जेवणानंतरचं सगळं सत्र तुम्हीच घ्या. मी मागं बसतो."

दुपारी गुलाबजाम खाऊनही कुणाला झोप आली नाही. बाईंनी जोड्या लावल्या. सगळीकडून भांडणं उठली. सासूचं, बदलीचं, एसटीतल्या खिडकीजवळच्या जागेचं. प्रशिक्षक एका थोराड गुरुजींशी त्यांच्या गैरहजेरीवरून भांडत होता आणि बाजू बदलल्यावर स्वतःच्याच कडक नियमांना नावं ठेवत होता. बाई रांगांमधून फिरत होत्या, पदर खोचलेला, पेन पेल्यावर वाजवत. पांढऱ्या केसांची ती बाई मला सातवीच्या वर्गातल्यापेक्षाही तरुण दिसली.

मी मंचावरून खाली उतरून मागच्या रांगेत बसलो होतो. माझ्या वाट्याला एक तरुण शिक्षिका आली. म्हणाली, "आपलं खरं भांडण आहे, सर. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या शाळेत भाषण केलंत. तुम्ही मंडपात होतात अन् माझी पोरं उन्हात. दोघांना चक्कर आली. तुम्ही थांबला न्हाईत."

मला ते आठवत नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. आधी तिचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं होतं. मी हळू आवाजात सुरुवात केली, "बाई म्हणतात, मुलं उन्हात होती आणि मी..."

"मागच्या रांगेतले सर!" पुढून बाईंचा आवाज आला. "ऐकू येत न्हाई. मोठ्यानं!"

मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगायला लागलो.