तानपुऱ्याची गुणगुण

परवा सोल्डरिंगच्या धुराचा वास आला आणि मी पंचवीस वर्षं मागे, एका संगीत महोत्सवाच्या मंचामागे जाऊन पोचले. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या प्रशिक्षणासाठी मी न्हावऱ्याहून तिथे दौंडच्या एका साउंडवाल्या मामांकडे आले होते. त्यांची सही मिळाली नाही, तर आमच्या घरातला पहिलाच डिप्लोमा अडणार होता.

दुपारी गायिकाबाई माइक तपासत होत्या. मी मिक्सरवर बसले होते आणि हेडफोनमध्ये सारखी गुणगुण येत होती. वायरिंगचा दोष समजून मी ती ज्या माइकमधून येत होती, तो बंद केला. बाई गाता गाता थांबल्या.

"माझा तानपुरा कुठे गेला?"

मामा माझ्याकडे वळले. "असलं गाणं कवा ऐकलंच न्हाई व्हय गं?"

"न्हाई, मामा."

बाईंनी मला वर मंचावर बोलावलं आणि तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावायला सांगितलं. त्या तारा छेडत राहिल्या. माझ्या गालाचं हाड थरथरू लागलं.

"बंद करायचा का हा?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग आज माझा आवाज हीच सांभाळेल," त्या मामांना म्हणाल्या.

तेव्हा मामांची सही हातची गेली नाही म्हणून माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी त्या दिवशी आपली अख्खी मैफल माझ्या हाती दिली होती, हे कळायला बरीच वर्षं गेली.