पिवळी चौकट

बायकोनं घरातूनच साड्या विकायला काढल्या आणि माझ्या थकव्याला घरीही नोकरी लागली. मी मोबाइलचे ॲप बनवतो. पडेगावच्या आमच्या दोन खोल्यांत साड्या मांडायला जागा नाही, त्या कपाटात कोंबलेल्या असतात. म्हणून मोठ्या रुबाबात तिला म्हणालो, "दुकान फोनात मांडून देतो." मांडलं. साड्यांचे चौकोनी फोटो, बोटानं वर सरकवत जायचं. आवडलेल्या साडीवर टिचकी मारली की तिच्याभोवती पिवळी चौकट उमटायची. ती चौकट बघून मी स्वतःवरच खूश होतो.

पहिली मोठी ऑर्डर आली ती बिडकीनच्या माझ्या थोरल्या बहिणीची. भाच्याचं लग्न, आहेराच्या साड्या. "घरात बसून कसलं आलंय दुकान?" असं हीच ताई सगळ्या भावकीत बोलली होती. त्यामुळं बायकोनं सकाळीच मला बजावलं, "अहो, आज काही गडबड नको. तुमच्या माणसांत मला तोंड दाखवायचंय."

ताई घरी आली, तिनं चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. विहीणबाईंसाठी मोरपंखी साडी निवडली, चौकट आली. मग खाली सरकत गेली आणि थबकली.

"अगं बया! ही पांढरी कुणी घेतली? विहिणीचा मालक चांगला ठणठणीत हाय की!"

पांढऱ्या, बारीक काठाच्या साडीभोवती ठळक पिवळी चौकट. सवाष्ण विहिणीला आहेरात पांढरी गेली असती, तर लग्न मांडवातच मोडायचं. बायकोचा चेहरा उतरला.

आमच्या धंद्यात सगळे जे आधी म्हणतात, तेच मी म्हणालो, "ताई, तुझंच बोट लागलं असेल चुकून."

"नाही लागलं," बायको म्हणाली. "मी बघत होते. वन्सं, तुमचं काही चुकलं नाही."

ताईनं चष्म्यावरून भावजयीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी फोन उचलला.

चूक सापडायला वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. फोन सगळ्या साड्यांसाठी वेगळे चौकोन करत नाही. पडद्यावर मावतील तेवढेच करतो आणि वर गेलेला चौकोन खालच्या साडीला वापरतो. मी पिवळा रंग चौकोनाला फासला होता, साडी लक्षातच ठेवली नव्हती.

"म्हणजे कसं?" ताईनं विचारलं.

"पंगतीत शुगरवाल्या मामांना जिलबी वाढायची नाही म्हणून त्यांच्या पाटावर खूण केली. मामा जेवून उठले, दुसऱ्या पंगतीत त्या पाटावर नवरदेव बसला."

"अन् नवरदेव जिलबीवाचून उठला! ही अक्कल तुला आत्ता आली व्हय?"

मी लॅपटॉप उघडला. निवडलेली साडी तिच्या नंबरानं लक्षात ठेवायची. चौकोन नव्यानं पुढं आला की आधी त्याचा रंग पुसायचा, मग आत आलेली साडी निवडलेली आहे का ते बघून रंगवायचा. सांगायला सोपं. आठवडाभर ऑफिसात डोळे फोडून रविवारी घरी तेच करताना कोडमधले साधे कंसही जुळेनात.

मागं कपाट उघडल्याचा आवाज झाला. बायकोनं साड्या पलंगावर पसरल्या. ताई पदर हातावर घेऊन, पोत चोळून बघू लागली. "हा रंग विहिणीला उठून दिसंल, नाय का?" "वन्सं, त्यापेक्षा हा बघा, त्या सावळ्या आहेत ना." बराच वेळ दोघींचं असं चाललं होतं.

"झालं!" मी ओरडलो. मोरपंखीवर चौकट होती, पांढरी कोरी. पुन्हा खालीवर सरकवून पाहिलं. कोरीच.

दाखवायला वळलो तर निवडलेल्या साड्या पिशवीत गेल्या होत्या आणि ताई बायकोला सांगत होती, "जावेकडच्या लग्नाचा आहेर पण तुझ्याकडूनच. फक्त ह्याला फोनला हात लावू देऊ नको."

दोघी चहा ठेवायला आत गेल्या. पलंगावर उरलेल्या साड्यांचा ढीग होता. मी लॅपटॉप मिटला आणि घड्या घालायला बसलो.