विमलकाकूंचं ‘पुढे?’

विमलकाकू कादंबरी शेवटच्या पानापासून वाचायच्या. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आमची क्वार्टर्स शेजारी-शेजारी. मराठी मंडळाच्या एकुलत्या एका कपाटातून मी प्रेमकथा आणायचे आणि काकू आधी शेवट बघायच्या. तिथे नायक-नायिका एक झालेले दिसले, की चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारायच्या, "पुढे?"

"पुढे काय काकू? संपली की!"

"अगं बये, शेवटच्या पानावर सगळेच गोड बोलतात. याची बांदीकुईला बदली होऊ दे, हिला दिवस जाऊ देत, सासूला अंथरूण धरू दे. मग ऐकू या साहेबांची वाणी." तांदूळ निवडता निवडता त्या पुढची गोष्ट स्वतःच रचायच्या. त्यांच्या हातात एकाही नायकाचा धड टिकाव लागला नाही.

त्यांचे यजमान गार्ड होते. काकूंशी ते थेट बोलत नसत. काकू समोर उभ्या असल्या तरी मला म्हणायचे, "तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे." काकूही मलाच सांगायच्या, "त्यांना म्हणावं, डबी हाताशीच आहे." कधीकाळी कशावरून तरी बिनसलं होतं. कारण दोघंही विसरले होते, अबोला तेवढा राहिला होता.

पुढे मला जयपूरच्याच राजा पार्क भागातलं एक स्थळ सांगून आलं. श्रीधर. बँकेत नोकरी, जन्म जयपूरचा, मराठी बोलताना पावलोपावली ठेचकाळणारा. आम्ही मिरजेहून नुकतेच आलेलो; माझं हिंदी भाजीवाल्या भैयापुरतं. मोठी माणसं आत गेली आणि मी जीव कानात आणून बसले, की आता हा कादंबरीतल्यासारखं काहीतरी बोलणार. बराच वेळ बशीतले पोहे चिवडून तो म्हणाला, "मी तुम्हाला सुखात ठेवायची पूर्ण चेष्टा करीन."

मी उठलेच. माझी चेष्टा करणार, आणि वर तोंडावर सांगणार! "जन्मभर घरात बसेन, पण हा नको," मी आईला बजावलं. आई रडकुंडीला आली. बाबा चपला घालून नकार कळवायला निघाले, त्यांना काकूंनी फाटकातच अडवलं आणि काय झालं ते माझ्याकडून ऐकून घेतलं. मग हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अगं शहाणे, हिंदी शाळेत शिकलाय तो! हिंदीत चेष्टा मतलब प्रयत्न!"

मी ओशाळले, पण हट्ट सोडेना. "मग सरळ ‘सुखात ठेवीन’ म्हणायला काय झालं होतं? नुसता प्रयत्न?"

काकूंचं हसू थांबलं. "आमचे म्हणाले होते, राणीसारखी ठेवीन. तेव्हापासून चेष्टाच चाललीय माझी. आपल्या मराठीतली. हो म्हण पोरी."

मी हो म्हटलं. श्रीधर काही नायक निघाला नाही. घोरतो, वाढदिवस विसरतो. मला ताप आला तेव्हा त्याने खिचडी करपवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला घेतली.

तीन-चार वर्षांनी काकू दवाखान्यात होत्या. त्या परत येणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा काका उशाशी बसले होते. मला म्हणाले, "तिला विचार, पाणी हवंय का."

काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "त्यांना सांग, आता स्वतः विचारा."

काका वाकून हळूच म्हणाले, "विमल..."

काकूंनी डोळे उघडले. इतक्या वर्षांनी ऐकलेलं ते नाव त्यांनी क्षणभर पारखून बघितलं आणि सवयीने विचारलं, "पुढे?"

काकांनी पाण्याचा पेला उचलून काकूंच्या ओठांना लावला. दुसरा हात हनुवटीखाली धरला. थेंबही सांडू नये म्हणून त्यांची चेष्टा चालली होती. श्रीधरच्या हिंदीतली.