एम्प्टी म्हणजे कोसोंग

बायको गेली तेव्हा तिचा स्टीलचा डबा शेजारणीकडे राहिला. माणूस गेलं की लोक सांगतात, सामान वाटून टाका. कपडे वाटले, चपला वाटल्या. पण त्या डब्यावर तिचं नाव घातलेलं होतं, आणि पुढे तिच्या बापाचं. लग्नात माहेरून आलेला. जन्मभर माझ्या घरात नांदली, पण भांड्यांवर शेवटपर्यंत सासऱ्याचा हक्क. तरी मला तो डबा परत हवा होता.

शेजारीण मलेशियाची. तिचा नवरा माझ्या मुलासोबत इथे सौदीत रास तनुराला कामाला. रमजानात माझ्या बायकोने त्यांच्याकडे डबाभर सांदणं पाठवली. तांदळाची, नारळाच्या दुधातली, वाफवलेली, गोड. ईद झाली आणि ती गेली. इथेच दफन केली.

सुनेला म्हटलं, "तेवढा डबा मागून आण."

"बाबा, असं मागणं बरं दिसतं का? देतील त्या."

"कधी? मी मेल्यावर?"

"तुमचं आपलं काहीतरीच."

डबा का अडकला ते मला कळत होतं. आमच्या कोकणात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. यांच्यातही तसंच असणार, आणि बाई काय भरावं या विचारात बसली असणार. तिला सांगायचं की रिकामाच दे. पण सांगायचं कशात? मी शिकलो चौथी. खफजीला वेल्डिंग करून अरबी आली ती फोरमनच्या शिव्यांपुरती.

मुलाने फोनवर एक अॅप घालून दिलं. इंग्रजी शब्द, त्याचा मलय अर्थ, आणि तो कसा वापरायचा हे एक बाई मोठ्याने वाचून दाखवते. रिकाम्याला इंग्रजीत एम्प्टी. मलयमध्ये कोसोंग. मग वापर, मुलाने अर्थ सांगितला तो. ग्लास रिकामा आहे. खुर्ची रिकामी आहे. घर रिकामं आहे. मी फोनला म्हटलं, बाई, तुझं कोण गेलं?

दिवसभर हॉलमध्ये बसून "एम्प्टी, कोसोंग" घोकलं. सून मुलाला म्हणाली, "बाबांना एकदा डॉक्टरकडे नेऊन आणा." मी बहिरा नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर गेलो. नवऱ्याने दार उघडलं, "पाकचिक, पाकचिक" करत बसवलं. त्यांच्यात चाचाला पाकचिक म्हणतात. कामावर आपल्या लोकांसोबत राहून त्याला मोडकीतोडकी हिंदी येते, हे मला तेव्हा कळलं. पण घोकलेलं वाया कशाला घालवा. मी म्हटलं, "डबा. एम्प्टी. कोसोंग. चालेल."

आधी चहा आला. बिनसाखरेचा. नवरा हसून म्हणाला, "हमारे उधर चाय की दुकान में कोसोंग बोलो तो शक्कर नहीं डालता." मी प्यायलो. घरी सून तसाच देते, कोसोंग न म्हणताच.

मग बाई डबा घेऊन आली. नाव दिसलं तसं मी उठलोच. तिने डबा छातीशी धरला आणि नवऱ्याशी काहीतरी बोलली.

"वो बोलता, खाली नहीं देगा," नवरा म्हणाला. "माकचिक ने सांदण सिखाया, वही भरके देगा. हर जुम्मा बनाता, हर जुम्मा बिगड़ता."

माकचिक म्हणजे चाची, म्हणजे आमची. या दोघी रमजानभर कोणत्या भाषेत बोलल्या, अल्लाला ठाऊक. आमच्या हिला तर एम्प्टीसुद्धा येत नव्हतं.

बशीत एक सांदण आलं. मी घास घेतला. चावता चावता जबडा दुखला.

"कैसा है, पाकचिक?"

"ये सांदण नहीं, वाशर है. पाइपला लाव, लीक बंद होगा."

त्याने घाबरत घाबरत बायकोला सांगितलं. ती तोंडावर ओढणी धरून हसली आणि डबा उचलून परत आत घेऊन गेली. चांगलं झालंय म्हटलं असतं तर डबा हातात होता. पण बायकोच्या नावाच्या डब्यातून वाशर न्यायचे?

मग दर शुक्रवारी जात राहिलो. सांदण करायचं कसं ते मला माहीत नाही, मी नुसतं खाल्लंय. पण कमी काय ते जिभेला कळतं. पीठ अजून फुगू दे, नारळ वाढव, असं हातवारे करून सांगायचो. ती करायची. बिघडवायची. परत करायची.

एका शुक्रवारी घास घेतला, तो चावावा लागलाच नाही.

"वाशर?" नवऱ्याने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली आणि दुसरं घेतलं. बाईने डबा भरला आणि माझ्या हातात दिला.

घरी सगळ्यांनी खाल्ली. मुलगा खाता खाता उठून बाहेर गेला. सुनेने डबा घासून ओट्यावर ठेवला. मी मागितला होता तसा, एम्प्टी. जेवायला बसलो की समोर तोच. एकदोन दिवस बघितला. फोनमधली बाई आठवायला लागली, तिची खुर्ची, तिचं घर. घरात बुरैदाचा खजूर आणलेला होता. तो डब्यात दाबून भरला आणि चपला घातल्या.

"बाबा, डबा आपलाच ना?" सून म्हणाली. "एवढा जीव टाकलात त्याच्यासाठी. आता कुठे नेताय?"

"शेजारी."

"आणि त्यांनी परत द्यायला पुन्हा एवढे दिवस लावले तर?"

"लावू दे," म्हटलं. "बिघडवत बिघडवत देऊ दे."