बाईंच्या खुर्चीतली सोज्वळबाई

ज्या दिवशी बाईंच्या हॉलमध्ये कॅमेरा बसला, त्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवली. कॅमेरा बसवणारा शिडीवरून उतरून हात पुसत होता. बाईंनी खुर्चीची पाठ त्या भिंतीकडे केली, बसल्या आणि त्याला विचारलं, "हे कुणी मागितलं होतं?"

"तुमच्या मुलानं, आजी. कॅनडातून ऑर्डर आहे."

"मग त्याच्या घरी बसव."

हा प्रश्न त्या प्रत्येक नव्या वस्तूला विचारत. गेटवरच्या ॲपला, लिफ्टमधल्या जाहिरातीच्या पडद्याला, आपणहून पेटणाऱ्या जिन्यातल्या दिव्यांना. उत्तर कुणाकडेच नसे, आणि तो त्यांचा आनंद होता.

चिंचवडच्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. बाई महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान कंपनीत होते, ते आधीच गेले. सगळी इमारत त्यांना बाई म्हणे, सेक्रेटरीसुद्धा. तो त्यांचाच विद्यार्थी. "याला मी सात महिने आंबा काढायला शिकवला," बाई त्याच्यासमोरच सांगत, "शेवटपर्यंत वांगंच काढत होता. आता सोसायटी काढतोय."

मला त्या ग्रंथपाल म्हणत. मी एका इंजिनियरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. "काय ग्रंथपाल, आज कुणी पुस्तक नेलं, का नुसता मोबाइल चार्ज करून गेले?" मी खरं उत्तर देत नसे.

तुम्हीही अशाच एखाद्या इमारतीत राहत असाल, तेव्हा फार सांगायला नको. सख्खा भाऊ आला तरी खाली वॉचमन ॲपवर परवानगी मागतो. घरकामाच्या मावशींना तारे द्यायचे असतात, पाचपैकी. सकाळी ग्रुपवर गुलाबाची फुलं येतात आणि ज्याने फूल पाठवलं तो लिफ्टमध्ये भेटला तर ओळख देत नाही. आम्ही सगळे हे मुकाट्याने करतो. बाईंनी ते केलं नाही. त्यांनी वस्तू करायला घेतल्या.

पहिली वस्तू म्हणजे बटाटा. शाळेत मुलांकडून बटाट्याचे ठसे करून घेत, तसा त्यांनी अर्ध्या बटाट्यात ग्रुपवर येतो तो उभा अंगठा कोरला आणि निळ्या शाईत बुडवून सोसायटीच्या फळ्यावरच्या प्रत्येक नोटिशीवर उमटवला. पाणी येणार नाही: अंगठा. लिफ्ट बंद: अंगठा. कुणीतरी वारलं: अंगठा. सेक्रेटरी तक्रार घेऊन आला तर त्याच्या मनगटावरही उमटवला. दोन दिवसांत बटाटा सुकून अंगठा वाकडा होई. "खराही एवढाच टिकतो," बाई म्हणत.

दुसरी वस्तू, बुटाच्या खोक्यातली खाट. वर चिंध्यांची गोधडी, उशाला कापसाची उशी. घरी आलेल्याने आपला फोन त्यात निजवायचा, पांघरूण घालायचं, मगच चहा. मोठमोठे लोक खोक्याशी वाकून फोनला पांघरूण घालताना मी पाहिले आहेत. नंतर ते गप्पा मारायला बसत आणि पाच मिनिटांत त्यांचे विषय संपत.

पण कॅमेऱ्यापुढे बटाटा चालेना. बाई जिन्यात एकदा पडल्या होत्या, गुडघा दुखावला होता, आणि मुलाने तिकडून ठरवलं होतं की आईने एकटीने बाहेर पडायचं नाही. बाईंचं सगळं सुख सकाळच्या फेरीत होतं: पवनेच्या पुलापर्यंत जायचं, परतताना टपरीवर चहा. तिथे कंपन्यांतून निवृत्त झालेली मंडळी बसत. बाई "जय भीम" म्हणत पोचायच्या आणि तासभर सगळ्यांची उणीदुणी काढायच्या.

कॅमेरा बसल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि भिंत बोलली.

"आई, कुठे निघालीस?"

मी दारातच उभा होतो. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर. कॅमेऱ्याच्या डबीत हिरवा दिवा लागला होता.

"भिंतीला कधीपासून पोरं व्हायला लागली?" त्या म्हणाल्या.

"आई, मस्करी नको. पुन्हा पडलीस तर मी इथून काय करू? आणि ती खुर्ची सरळ कर, तोंड दिसत नाही तुझं."

बाईंनी चपला काढल्या. त्या दिवशी त्या बाहेर गेल्या नाहीत. मला वाटलं, हरल्या.

दिवाळीत त्यांनी रविवारच्या पुरवण्या भिजत घातल्या. त्यात बाल्कनीतून डोंगर दाखवणाऱ्या फ्लॅटच्या जाहिरातीच जास्त. त्या कागदाचा लगदा करून त्यांनी डोकं घडवलं, रंगवलं, त्याला जुनं गंगावन लावलं. मानेत स्प्रिंग. ती भोसरीत वर्कशॉप असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिली. धड उशांचं. त्यावर त्यांची निळी सुती साडी आणि चष्मा. टेबलफॅन लावला की पदर हलायचा आणि मान डोलायची.

"ही सोज्वळबाई," त्यांनी ओळख करून दिली. "सांगितलं तिथे बसते. मुलाला हवी होती तशी."

जाळी काढण्याच्या झाडूने त्यांनी कॅमेरा एवढासा ढकलला, दार दिसेनासं झालं. खुर्ची सरळ केली. सकाळी त्या कॅमेऱ्यासमोर चादर झटकायच्या, चादरीआड सोज्वळबाई खुर्चीत यायची, आणि खऱ्या बाई माझ्याबरोबर पुलाकडे निघायच्या.

टपरीवर चाकणकडचे एक आप्पा होते. त्यांनी विचारलं, "बाई, सुटलात व्हय जेलातनं?"

"जामिनावर आहे, आप्पा. जामीन आत बसलाय."

महिनाभराने मुलाने फोनवर म्हटलं, "आई, हल्ली सकाळी किती छान शांत बसतेस." बाईंना हे लागलं. "माझ्या भाजीला कधी छान म्हणाला नाही," त्या मला म्हणाल्या. "लगद्याला म्हणाला."

तिसऱ्या मजल्यावर डिझाइन शिकणारी एक मुलगी भाड्याने राहायची. तिने एकदा सोज्वळबाई पाहिली आणि हरखली. "आजी, याला क्रिटिकल डिझाइन म्हणतात. रोजच्या वापरातल्या तंत्रज्ञानाला वस्तूनेच प्रश्न विचारायचा. तुम्ही तर भविष्याबद्दल विचारताय."

"नाही गं, आजचंच विचारते. भविष्यात मी कुठे राहणारेय."

तिच्या संस्थेत प्रदर्शन भरलं. बाईंचा बटाटा, खाट आणि सोज्वळबाई पांढऱ्या चौथऱ्यांवर मांडली गेली. शेजारी फलक होता, खूप लांब. बाई चष्मा सारखा करून तो वाचत उभ्या राहिल्या. "ग्रंथपाल, यातलं मला कळेल असं एक वाक्य दाखवा." मी शोधलं. माझा तो व्यवसाय आहे. मिळालं नाही.

लोकांनी तर कहर केला. एका बाईने खाट कोणत्या साइझमध्ये मिळते ते विचारलं. वाकडहून आलेला आयटीतला एक तरुण सोज्वळबाईसमोर बराच वेळ उभा होता. मला वाटलं, याला कळलं. तो जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, अशी जेंट्समध्ये होईल का? मला मीटिंगला बसवायचीय."

"तू जातोस तेव्हा वेगळं काय होतं?" बाईंनी विचारलं.

तो हसला, आणि त्याने मान डोलावणाऱ्या सोज्वळबाईची रील काढली. साडी, पंखा, फलकावरचं बाईंचं नाव, सगळं. ती रील फिरत फिरत कॅनडात पोचायला वेळ लागला नाही. शहाण्या गोष्टी तिकडे पोचत नाहीत, हे पोचतं.

प्रदर्शन चालूच होतं, सोज्वळबाई तिकडे होती. सकाळी मी बाईंना बोलवायला गेलो तर हिरवा दिवा लागलेला.

"आई, ती तू नव्हतीस?"

बाई उभ्याच होत्या. "नव्हते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

बाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं: ऐका आता व्याख्यान. व्याख्यान आलं नाही.

"मी जेवायचो तिच्यासमोर," तो म्हणाला.

"कुणासमोर?"

"तुझ्यासमोर. इथे तेव्हा रात्र असते. लॅपटॉपवर तुला लावून ताट घेऊन बसायचो. तू मान हलवायचीस. मी बोलायचोही कधी कधी. माइक बंद ठेवून."

बाईंनी खुर्चीचा हात धरला. म्हणाल्या, "काय जेवायचास?"

"काही नाही गं. खिचडी."

"रोज?"

"बहुतेक."

"भाजी मिळत नाही तिथे?"

"मिळते. एकट्यासाठी कोण करतं."

बाई खुर्चीत बसल्या. तोंड कॅमेऱ्याकडे होतं. "आता काय आहे ताटात?" त्यांनी विचारलं. मी दार ओढून घेतलं आणि एकटाच पुलापर्यंत जाऊन आलो. टपरीवर आप्पांनी विचारलं, बाई कुठायत. मी म्हटलं, घरी पाहुणा आहे.

त्यानंतर त्यांनी करार केला. त्याचं जेवण होईपर्यंत आई खुर्चीत, जेवण झालं की आई बाहेर. "एकटी नको," तो म्हणाला. "ग्रंथपाल असतात," बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे वेळच वेळ आहे, पुस्तकं कोण नेतंय." बाई त्याला फोडणी शिकवू लागल्या. त्यांना तो दिसत नसे, त्याला त्या दिसत. तेव्हा कढईत काय चाललंय ते त्याने बोलून सांगायचं आणि बाईंनी वरच्या डबीकडे बघून रागवायचं. "मोहरी तडतडली का? मला ऐकू नाही आली. खोटं बोलतोस." हे मी दाराबाहेर चपला घालून ऐकत असे. फेरीला उशीर होऊ लागला. टपरीवरचा पहिला चहा चुकू लागला.

म्हणून कॅमेऱ्याला त्यांनी माफ केलं असं समजू नका. "मुलाशी माझं भांडण नाही," त्या पुलावर म्हणाल्या. "तो फोनवर सांगू शकत होता. एवढी डबी भिंतीला ठोकली, पण 'मला करमत नाही' एवढं सांगायला त्याला इतके महिने लागले. शिकवलं कुणी असं यांना?" मग थोडं चालून म्हणाल्या, "मीच शिकवलं असणार. शाळेतही मी पोरांना गप्पच बसवायचे."

मार्चमध्ये बाई दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेले हात आले, एकाखाली एक, आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी पार्किंगमध्ये लावलेल्या गाडीचा फोटो टाकून ही कुणाची म्हणून विचारलं. लगेच हातांची रांग थांबली आणि सगळे गाडीवर बोलू लागले. डिझाइनच्या संस्थेने बाईंना 'भविष्यवेधी कलावंत' म्हटलं. सोज्वळबाई आता त्यांच्या काचेच्या कपाटात आहे. तिथे पंखा नाही.

मुलगा आला होता. उंच, वाकून चालणारा, मितभाषी. कॅमेरा त्याने स्वतः शिडीवर चढून काढला. फ्लॅट भाड्याने दिला आणि परत गेला.

हल्ली तो रविवारी सकाळी मला फोन करतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. चित्र लावत नाही, नुसता आवाज. आज काय केलं ते सांगतो: मेथी, वांगी, एकदा पिठलं. आम्हा दोघांनाही बोलणं फारसं जमत नाही. त्याचं जेवण होईपर्यंत फोन चालू असतो.